शांत गटातली मी

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतली एक जुनी उंदरीण आहे. जुनी म्हणजे दोन वर्षं तीन महिन्यांची. हसू नका, आमच्यात हे आजीबाईचं वय समजतात. माझा रंग पांढरा, डोळे लाल आणि डाव्या कानाला एक खाच. त्या खाचेवरूनच इथली माणसं मला ओळखतात.

आम्ही एकाच वेळी जन्मलेली अकरा भावंडं. लहानपणी एकमेकांच्या अंगावर पडून झोपायचो. कोणाचा पाय कोणाच्या नाकात आहे याचा पत्ता नसायचा. तीन महिन्यांची झाले तेव्हा मला आणि माझ्या बहिणीला प्रयोगाच्या खोलीत आणलं. तिच्या कानाला दोन खाचा होत्या.

रोज रोज त्रास झाला तर मादीच्या शरीराचं काय होतं, हे तिथे पाहायचं होतं. आमच्या पोटात चार-पाच दिवसांचं एक चक्र चालतं. ते नीट चाललं की पिल्लं होऊ शकतात. ताई रोज सकाळी माझ्या शरीरातला एक थेंब काचपट्टीवर घ्यायची, सूक्ष्मदर्शकाखाली बघायची आणि चक्र कुठवर आलं ते वहीत लिहायची. ताई म्हणजे इथली संशोधक. हात हलका, बोलणं मोजकं.

बहीण गेली त्रासाच्या गटात. त्या गटातल्या माद्यांना रोज दोन तास अरुंद नळीत बंद करत. ना पुढे सरकता येई, ना मागे वळता येई. मी गेले शांत गटात. आम्हाला कसलाही त्रास द्यायचा नव्हता, म्हणजे दोन्ही गटांतला फरक कळला असता. इथले प्रमुख, मोठे सर, म्हणाले, "यांच्यात भांडणंसुद्धा नकोत. एकीला एक पिंजरा द्या." सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आम्हा आठजणींना आठ पिंजरे मिळाले. स्वच्छ, ऐसपैस, खाणंपिणं वेळेवर. मला आयुष्यात इतकी जागा कधी मिळाली नव्हती, आणि तिचं काय करायचं तेच मला कळेना.

समोरच्या मांडणीवर बहिणीचा पिंजरा होता. नळीतून सुटली की ती थरथरत यायची आणि तिघी सोबतिणींच्या अंगाखाली शिरायची. मी काचेला नाक लावून बघत बसायचे. खरं सांगते, मला तिचा हेवा वाटायचा. त्रासात असलेल्या बहिणीचा हेवा करावा लागला, याची मला आजही लाज वाटते.

माझं चक्र आधी सहा दिवसांवर गेलं, मग आठवर, आणि नंतर बारा दिवस जागचं हललंच नाही. ताईने चष्मा पुसला. सूक्ष्मदर्शक पुसला. आता मलाच पुसायचं बाकी होतं.

चाळिसाव्या दिवशी बहिणीच्या गटाला आणि आमच्यातल्या चौघींना पलीकडच्या खोलीत नेलं. तिथून कोणी परत येत नाही. माझ्या बहिणीचा वास दोन दिवस खोलीत राहिला, मग फरशी पुसली तेव्हा तोही गेला. मी खूप एकटी पडले.

ताईने दोन्ही गटांची अंडाशयं तपासली. बीजं दोन्हींकडे सारखीच कमी झाली होती. सर म्हणाले, "म्हणजे नळीत कोंडल्याने काही बिघडत नाही. लिहून टाका."

ताई वही उघडून बसली. तेवढ्यात पिंजऱ्यातला भुसा बदलायला मावशी आल्या. मावशी वीस वर्षं आमचे पिंजरे धुतात.

"काय लिहिताय ताई?"

"त्रासाच्या गटात आणि शांत गटात काही फरक नाही, असं."

"शांत कोण? या? अहो, या शांत नाहीत, गप्प आहेत! खाणं अर्धं उरतं. घरट्यासाठी दिलेला कागद जसाच्या तसा. हिने तर चाटून चाटून पायावरचे केस काढलेत. समोरच्या निदान एकमेकींना बिलगून झोपायच्या. यांनी कोणाला बिलगायचं?"

ताईने मला उचललं आणि माझे पाय उलटसुलट पाहिले. मग तशीच मला घेऊन सरांकडे गेली. "सर, चूक आपली आहे. त्रास नको म्हणून यांना एकटं ठेवलं, आणि तोच त्रास झाला."

"दोन महिन्यांचं काम पाण्यात घालायचं?"

"ते गेलंच आहे, सर. आता खोटं तरी लिहायला नको."

सरांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. म्हणाले, "ठेवा दोघी-दोघींना."

माझ्या पिंजऱ्यात आमच्या उरलेल्या चौघींमधली तीन खाचांची मादी आली. पहिल्या दिवशी आम्ही दोन कोपऱ्यांत दोघी. तिसऱ्या दिवशी एकाच कोपऱ्यात. तिसऱ्या आठवड्यात ताई सूक्ष्मदर्शकावरून ओरडली, "मावशी, आलं! हिचं चक्र चार दिवसांवर आलं!" पुढे काही दिवस मला नरासोबत ठेवलं, आणि मला नऊ पिल्लं झाली. मावशींनी ती दोनदा मोजली. आम्हा दोघींना म्हातारपणापर्यंत सांभाळायचं ठरलं, आणि तीन खाचांची दीड वर्ष माझ्या पाठीला पाठ लावून झोपली.

मागच्या आठवड्यात ती गेली.

मावशींनी विचारलं, "हिच्या सोबतीला कोणाला सोडू?"

सर म्हणाले, "आता तिचं चक्र थांबलंय. मोजायचं काही उरलं नाही. सोबत कशाला?"

"चक्र थांबलं म्हणून एकटेपणा थांबतो का, साहेब?"

सर ताईकडे बघून म्हणाले, "बरं, विचार करू."

मित्रांनो, त्याला आज सहा दिवस झाले. सर वाईट नाहीत, ते विचार करतही असतील. पण माणसाचे सहा दिवस आणि माझे सहा दिवस सारखे नसतात. म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे: घरात, वर्गात, पिंजऱ्यात कोणी गप्प बसलेलं दिसलं, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. विचार नंतर करा.