अंजिराचा सव्वा महिना

माघ सरत आला होता आणि कऱ्हेकाठचं ऊन वयात येत होतं. सकाळी ते केशरकोवळं असे, लाजरं, उंबऱ्याशी अडखळणारं. नऊच्या सुमाराला हळदीचं होई. आणि दुपारी पुरंदरच्या काळ्याकभिन्न कड्यांवर असं काही तळपे, की डोळ्यांवर आडवा हात धरल्याशिवाय किल्ला दिसू नये. हवेत हुरड्याचा शेवटचा धूर होता, आंब्याच्या मोहोराचा पहिला गंध होता.

सासवडच्या बाजारात अंजिरांच्या पाट्या यायला लागल्या होत्या. जांभळी, मधुगर्भ, मखमलमऊ अंजिरं. देठाशी दुधाळ, पोटाशी रक्तवर्ण. आपल्याच पानांच्या अंथरुणावर निजलेली. या गावाला अंजिराचं कौतुक शिकवावं लागत नाही.

अशा त्या ऊनवेल्हाळ दिवसांत, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी बारा वाजता, प्रफुल्ल इंगोले नावाच्या एका सज्जन माणसाने आपल्या सासूबाईंचं अंजिराचं झाड डब्यातून काढून कुंडीत लावलं. सज्जन माणसं नेमकी अशीच वेळ निवडतात.

झाड कसलं, दोन वर्षांचं पोर होतं ते. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात वाढलेलं, कमरेएवढं, पसरल्या पंजांसारख्या अकरा पानांचं. सोनोरीच्या मळ्यात सासूबाईंच्या थोरल्या भावाने, नानांनी, जुन्या झाडाच्या फांदीची साल अंगठीएवढी सोलली, तिथे ओलं शेवाळ बांधलं, मुळं फुटेस्तोवर वाट पाहिली आणि मग ती फांदी उतरवून बहिणीच्या हवाली केली. अशा बांधलेल्या कलमाला तिकडे गुटी म्हणतात. पुढच्याच पावसाळ्यात नानांचा उजवा हात अर्धांगाने लुळा पडला. त्या हाताची ही शेवटची गुटी.

प्रफुल्लला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर त्याने हात घातला. डबा गंजला होता, तळाशी मुळांची दाटी झाली होती, आणि लग्नाला दीड वर्ष होऊनही या घरात आपल्या हातून काही चांगलं घडलं नाही, हे त्याला सलत होतं. भूमिअभिलेख कार्यालयात तो मोजणीदार; जे करायचं ते चोख. त्याने मुळं सुटी केली, नळाखाली धुतली, जुन्या मातीचा कणसुद्धा शिल्लक ठेवला नाही. मग नव्या थोरल्या कुंडीत ते पोर बसवलं आणि अंगणाच्या मधोमध, रणरणत्या उन्हात, कौतुकाने मांडून ठेवलं.

संध्याकाळी पानं लवली.

तिसऱ्या दिवशी पिवळी पडली. मग एक पान पडलं, पहाटे, कोणी बघत नसताना. एक पडलं भर दुपारी, सगळे बघत असताना. एक पडलं नुसत्या हाकेने, एक पडलं नुसत्या वाऱ्याने, एक तर काहीच कारण नसताना पडलं. आठव्या दिवशी कुंडीत उभी होती एक करडी काठी. प्रफुल्लला जेवण जाईना.

आता सासूबाईंविषयी सांगायला हवं. शालनबाई कामठे. छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका. अर्ध्या तालुक्याचं पहिलं रडणं त्यांनी ऐकलेलं. गाव त्यांना अजून सिस्टर म्हणतं. हात लोण्यासारखा आणि जीभ कोयत्यासारखी, अशी त्यांची ख्याती. त्यांनी सरपंचाला फैलावर घेतलं होतं, दोन डॉक्टरांना वठणीवर आणलं होतं, आणि लेक स्नेहल तर रोज सकाळी दुधाबरोबर बोलणीही पीत मोठी झाली होती.

त्या जिभेपासून साऱ्या पंचक्रोशीत एकच माणूस सुटला होता. जावई. जामाता दशमो ग्रहः, आणि ग्रहाला कोणी ओरडत नाही. त्याची शांत करतात. बसा जावईबापू. घ्या जावईबापू. राहू द्या जावईबापू, तुम्ही कशाला उठता. चांगली खुर्ची त्याची, पहिली पोळी त्याची, नवा टॉवेल त्याचा. दीड वर्ष तो त्या घरात राहत होता आणि दीड वर्ष त्याला कोणी पाण्याचा तांब्याही उचलू दिला नव्हता.

झाडाची काठी झाली तेव्हाही शालनबाईंनी गळालेली पानं स्वतःच वेचली. म्हणाल्या, "असू द्या जावईबापू. होतं असं."

ते ऐकून प्रफुल्ल आणखीच खचला. तो वाशिमकडचा. आईबाप लवकर गेले. काकांच्या घरी वाढला. तिथे त्याला कोणी मारलं नाही, कोणी उपाशी ठेवलं नाही. चुलतभावांच्या पाठीत धपाटे बसत, कान पिरगाळले जात, आणि मग रडून लाल झालेली ती तोंडं काकूच्या पदरात शिरत. प्रफुल्लच्या वाट्याला आली ती सभ्यता. रागवायलासुद्धा माणूस आपला लागतो, हे त्याला सातव्या वर्षीच कळलं होतं. आणि आता, हे झाड गेलं तर, या घरातही आपण जन्मभर पाहुणेच राहणार, अशी त्याची खात्री झाली होती.

नवव्या दिवशी सकाळी शालनबाई चष्मा लावून कुंडीपुढे बसल्या. बराच वेळ बसल्या. दवाखान्यात खाटेपाशी बसत तशा. मग उठल्या आणि निकाल दिला.

"ही ओली बाळंतीण आहे. मुळं सुटली म्हणजे नाळच तुटली म्हणायची. हिला सव्वा महिना पाळायचा. जागा हलवायची नाही, ऊन लागू द्यायचं नाही, माणसांचा राबता नको. पाणी बोटभर माती सुकली तरच. आणि जावईबापू, खायला काही म्हणजे काही घालायचं नाही. आधी मुळांना तोंड फुटू दे."

पूर्वेच्या भिंतीच्या कोपऱ्यात बाळंतिणीची खोली झाली. शालनबाईंनी ट्रंकेतून आपली गणवेशाची साडी काढली, पांढरी, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली, आणि तिचा पडदा बांधला. सकाळचं ऊन त्या पडद्यापाशी येई, आपला ताठा बाहेर उतरवून ठेवी आणि आत जाताना नुसतं चांदणं होऊन जाई. त्या शुभ्रमंद उजेडात ती करडी काठी उभी असे. सव्वा महिन्याची मोजदाद कुंडीत लावल्या दिवसापासून धरायची, असं ठरलं.

फाल्गुन आला, रंगांची लूट घेऊन. पांगारा पेटला. पळस पेटला. कऱ्हेच्या कोरड्या वाळूवर सावरीची तांबडीलाल फुलं धपाधप पडू लागली. होळी झाली, धुळवड झाली. आळीतली पोरं, म्हातारे, म्हशी, सगळे एकाच रंगाचे झाले. सारं गाव रंगलं आणि कोपऱ्यातला तो एक पडदा तेवढा पांढरा राहिला, कारण पिचकारी घेऊन तिकडे वळलेल्या प्रत्येकाला प्रफुल्ल आडवा झाला. त्या दिवशी सर्वांत जास्त तोच भिजला.

रोज संध्याकाळी कचेरीतून आला की तो पाय धुई आणि पडद्याशी बसे. लग्नात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडलेली गुलाबदाणी त्याने मागून घेतली होती; तिच्यातून काठीवर पाण्याचे चार-चार थेंब उडवी. शिंपडताना पुटपुटे काहीतरी. स्नेहलने एकदा कान देऊन ऐकलं. तो झाडाला दिवसभराची मोजणी सांगत होता, कोणाचा बांध कोणाच्या शेतात किती सरकला ते.

रंगपंचमीला शालनबाईंनी अंगठ्याचं नख घेतलं आणि काठीच्या सालीवर एकदाच, केसाएवढं, ओढलं. तिघांची डोकी काठीवर वाकली. खाली हिरवं होतं. हिरव्यातून हळूच वर आला एक शुभ्र थेंब. मोहरीएवढा, दुधाचा, जिवंत.

"आहे," शालनबाई म्हणाल्या.

आहे! केवढा शब्द. प्रफुल्ल त्या रात्री पोटभर जेवला. आणखी आठ दिवसांत शेंड्याला तांबूस टोक आलं, सुईच्या अग्रासारखं, घट्ट मिटलेलं. त्या टोकाने त्या सज्जन माणसाची झोप उडवली ती उडवलीच.

आणि मग पाडवा आला. चैत्र शुद्ध प्रतिपदा. नव्या वर्षाचं तांबडफुटीचं आभाळ. दारोदारी चकचकीत गडू, भरजरी खण, साखरेच्या गाठी, कडुलिंबाची डहाळी. घरात चक्का टांगलेला, पुऱ्यांची कणीक मळलेली. आज उपाशी कोणी राहायचं नाही, असा तो दिवस. प्रफुल्लच्या मनात आलं, की सगळ्यांच्या पानात श्रीखंड, आणि तिच्या पानात काय? तीस दिवस नुसत्या पाण्यावर! त्याचं काळीज कळवळलं. शेतकरी ज्याला एकोणीस-एकोणीस म्हणतात त्या खताची पुडी त्याने मागेच आणून लपवली होती. त्याने ती तांब्यात कालवली, चमच्याने मोजून, चोख, आणि वर सणाचा म्हणून एक चमचा जास्त. पडदा सारला. तांब्या कलता केला.

"अरे ए शहाण्या!"

गुढीवरचा गडू हलला असेल. आळीतल्या दोन खिडक्या उघडल्या, हे तर नक्की.

"काय ओतलंस? काय ओतलंस तिच्यात? ओल्या बाळंतिणीला पुरणपोळी चारतोस? जगाच्या जमिनी मोजतोस, स्वतःची अक्कल मोजलीस का कधी? सांगितलं होतं ना तुला! सांगितलं होतं का नाही? गाढवा, खांबासारखा उभा काय राहिलास, बादल्या आण! आधी विटा आण, कुंडी उचलून ठेव वर! पळ!"

प्रफुल्ल पळाला. विटा आणल्या. बादल्या आणल्या, एक, दोन, सात, अकरा. तो ओतत होता, शालनबाई पंजाने माती धरून ठेवत होत्या. खताचं पिवळट पाणी कुंडीच्या बुडातून वाहत होतं, अंगणातून वाहत होतं, गुढीच्या रांगोळीवरून वाहत होतं. आणि वर तोंडाचा पट्टा चालूच होता. त्यात त्याचं शिक्षण आलं, त्याची कचेरी आली, त्याचे हात कशाच्या लायकीचे आहेत तेही आलं. प्रफुल्लच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. झाडाच्या काळजीने जीव गोळा झाला होता. आणि त्याच वेळी, त्याच जिवात, इतक्या वर्षांचं एक रिकामं भांडं काठोकाठ भरत होतं. त्याला हसू आवरेना.

"आणि वर हसतोय!" शालनबाई कडाडल्या. "स्नेहल, बघ गं तुझा नवरा! हसतोय!"

स्नेहल दारात होती, हातात कडुलिंबाची डहाळी. तिलाही रडू येत होतं, आणि हसूही.

त्या दुपारी प्रफुल्लला चांगली खुर्ची मिळाली नाही. सासूबाईंनी त्याच्या पानात श्रीखंड वाढलं, आपण रागावलोय हे दाखवायला थोडं आपटूनच वाढलं, आणि जेवण झाल्यावर म्हणाल्या, "भांडी उचल." त्याने उचलली. घासली. विसळली. वाळत घातली. सणासुदीला इतक्या आनंदाने भांडी कोणी घासली नसतील.

पण कोंब अजून मिटलेलाच होता. पाडव्याच्या तिसऱ्या दिवशी त्याच्या कडेला काळी रेघ आली. प्रफुल्ल सकाळी बघे, दुपारी कचेरीतून फोन करून विचारी, संध्याकाळी बघे. शालनबाई रागावत नव्हत्या आता. एकदा तो पडद्याशी बसलेला असताना त्या येऊन शेजारी टेकल्या आणि नानांचा हात कसा होता ते सांगू लागल्या. किती हलका, किती नेमका, गुटी बांधताना कशी फांदीशी बोलायची नानांना सवय होती. प्रफुल्ल ऐकत राहिला. दोघांनी एकाच काठीकडे बघत तिन्हीसांज होऊ दिली.

सव्वा महिना भरला त्याच्या दुसऱ्या दिवशी, रामनवमीच्या आदल्या सकाळी, देवळात पाळण्याची तालीम चालली होती आणि प्रफुल्ल ओट्याशी चहा गाळत होता. चहा आता त्याच्याकडेच होता. अंगणातून शालनबाई आत आल्या. छत्तीस वर्षं त्या दवाखान्याच्या त्या दारातून अशाच बाहेर येत. पदराला हात पुशीत, पाय न वाजवता, बाकावर बसून घाम पुसणाऱ्या बापाकडे सरळ बघत. आवाजही तोच होता, मुद्दाम साधा ठेवलेला.

"ये. सुखरूप आहे."

गाळणं ओट्यावरच पडलं. तो धावला. स्नेहल वेणी अर्धी टाकून धावली.

पडदा सारला होता. शेंड्यावर एक पान उमललं होतं. बाळमुठीएवढं, हिरवंगार, लवलुसलुशीत, कडेला काळी रेघ तशीच घेऊन. कोवळ्या उन्हाने ते आरपार उजळलं होतं आणि त्याच्या शिरा न् शिरा दिसत होत्या. त्याच्या बगलेत दुसरं होतं, मिटलेलं. खाली, जिथे काहीच नव्हतं अशा करड्या सालीवर, तिसऱ्याचं टोक आलं होतं.

प्रफुल्लचा हात आपोआप पुढे गेला.

सटकन चापट बसली. "हात नको लावूस येड्या! ओलं आहे अजून!"

त्याने हात मागे घेतला आणि दुसऱ्या हातात जपून धरला. कऱ्हेवरून वारा आला, पांढरा पदर हलला, ऊन आत सांडलं. फांदीच्या टोकाला कोंबाची लाली होती आणि त्याच्या हातावर चापटीची. आणि दोन्ही त्या उन्हात, कितीतरी वेळ, ताज्या होत्या.