पिवळी कांडी

काचेच्या वाटीत अकरा कांड्या होत्या. आत चुंबकाचा तुकडा, वर टेफ्लॉनचं आवरण. फ्लास्कमध्ये टाकून खालचं यंत्र सुरू केलं की त्या गरगर फिरून द्रावण ढवळतात. दहा पांढऱ्या, त्यातल्या पाच अजून कोऱ्या. अकरावी पिवळट, अंगावर ओरखडे, एका टोकाला काळा डाग.

अकरावी तिची. ती इथे पीएचडी करत होती. प्रयोगशाळा सोडून जाताना तिच्या सीनियरने, म्हणजे दादाने, ती तिच्या तळहातावर ठेवली होती. "गुणाची आहे. सांभाळ." तेव्हापासून ती रोज एक फ्लास्क लावायची आणि त्यात तीच कांडी टाकायची.

कार्बनची दोन कडी सहसा पॅलेडियमसारख्या महाग धातूशिवाय एकमेकांना जोडली जात नाहीत. तिने ती नुसत्या गरम पाण्यात जोडून दाखवली होती. वरच्या मजल्यावरचे सर सेंद्रिय रसायनातले. खालच्या मजल्यावरच्या मॅडम संगणकावर रेणूंचं गणित मांडणाऱ्या. दोघांचं कधी पटलं नव्हतं. सर म्हणायचे, खाली नुसते हवेत इमले बांधतात. मॅडम म्हणायच्या, वर नुसती भांडी घासतात. तिच्या प्रबंधावर मात्र मार्गदर्शक म्हणून दोघांची नावं होती. धातूविना ही जोडणी का होते याचं गणित मॅडमनी मांडलं, आणि ते चपखल बसलं.

गटात दुसऱ्या कुणालाच ही जोडणी जमत नसे. कुणी कुरकुरलं की सर हसायचे. "तिच्या हाताला गुण आहे. तुम्ही आधी भांडी नीट धुवा." दुसऱ्या विद्यापीठातली एक विद्यार्थिनी सारखी ईमेल करायची: माझ्याकडे काहीच होत नाही, माझं काय चुकतंय? तिलाही हिने तेच कळवलं होतं. काच नीट धुवा, पाणी ताजं घ्या.

तिचा व्हायवा, म्हणजे प्रबंधावरची तोंडी परीक्षा, शुक्रवारी होता. सोमवारी चहाच्या वेळी सर सहज म्हणाले, "ती तुझी ईमेलवाली आठवते? काढलं तिला."

"काढलं म्हणजे?"

"घरी पाठवलं. पीएचडी बंद. हाताला काम येत नाही, असं तिच्या गाइडचं म्हणणं." सरांनी बिस्किट चहात बुडवलं.

मंगळवारी परीक्षकांना दाखवायला ताजा नमुना करायचा होता. पिवळी कांडी कुणीतरी उचलून नेली होती, म्हणून तिने एक जुनी पांढरी टाकली. दुपारी द्रावणाचा थेंब पट्टीवर लावून जांभळ्या दिव्याखाली धरला. सकाळचाच एक ठिपका. नव्या पदार्थाचा मागमूस नाही. रसायनं बदलून पुन्हा लावलं. तोच ठिपका. शोधल्यावर पिवळी कांडी शेजारच्या टेबलावर सापडली.

तिने दादाला फोन लावला.

"त्या पिवळ्या कांडीने तू काय ढवळायचास?"

"पॅलेडियम. दुसरं काय? माझं अख्खं आयुष्य त्यात गेलं." मग त्याने विचारलं, "का गं? तू ती अजून वापरतेस?"

बुधवारी ती सरांच्या खोलीत गेली. मॅडमही तिथेच होत्या. तिने कांडी टेबलावर ठेवली आणि ओरखड्यांत धातू अडकला असावा, असं सांगितलं. सरांनी कांडीला हात लावला नाही.

"असावा. म्हणजे तुला माहीत नाही."

"तपासून बघते."

"शुक्रवार होऊ दे. मग हवं ते तपास."

"पण गणित तर जुळतंय," मॅडम खिडकीकडे बघत म्हणाल्या.

"मॅडम, मी सांगितलेल्या आकड्यांशी जुळतंय."

 सरांनी उठून दार उघडून धरलं.

घरी बाबा तिचे शुक्रवारचे कपडे इस्त्री करत होते. दोन खोल्या, दोघंच. ते जन्मभर एका दवाखान्यात कंपाउंडर होते. "घ्या डॉक्टर," ते कुर्ता पुढे करत म्हणाले. "आता तुम्ही नुसतं लिहून द्यायचं. पुड्या आम्ही बांधू."

"बाबा, औषधाने गुण येतोय, पण बाटलीत भलतंच काही असेल तर?"

"गुण येतोय ना? मग बाटली कशाला उघडतेस, चिमणे?" ते हसले. तिचा चेहरा पाहून त्यांनी इस्त्री बाजूला उभी केली. "शनिवारी उघड. तोवर मला डॉक्टरचा बाप होऊ दे. सगळ्यांना सांगून बसलोय मी."

तिने कुर्त्याची घडी घातली आणि कपाटात ठेवली.

गुरुवारी सकाळी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. तिने सहा नवे फ्लास्क मांडले. सगळ्यांत एकाच बाटलीतली रसायनं, एकच पाणी. पाचांत कोऱ्या पांढऱ्या कांड्या टाकल्या, सहाव्यात पिवळी. सगळे एकाच तव्यावर तापत ठेवले आणि समोर स्टूल घेऊन बसली. सर एकदा दारापर्यंत आले. त्यांनी फ्लास्क मोजले आणि निघून गेले.

दुपारी, किती जोडणी झाली ते मोजणाऱ्या यंत्रातून आकडे बाहेर आले. तिने ईमेल उघडली. सर, मॅडम, शुक्रवारचे परीक्षक, आणि त्या घरी पाठवलेल्या मुलीचे गाइड, असे चार पत्ते घातले. वरती प्रबंधाचं नाव लिहिलं आणि खाली दोन ओळी:

कोऱ्या कांड्या, पाच फ्लास्क: पाचांतही ० टक्के.

पिवळी कांडी, एक फ्लास्क: ८१ टक्के.