जोर कुठं द्यायचा

मित्रांनो, मी रशियन भाषेचं एक जुनं पाठ्यपुस्तक आहे आणि माझा स्वभाव मत्सरी आहे.

मारुतराव तरुणपणी पुण्यात एका कारखान्यात होते. तिथं रशियन यंत्रं आली, तेव्हा भाषा शिकायला त्यांनी मला घेतलं. जेवणाच्या सुट्टीत ते मला मोठ्यानं वाचत. साहेबांनी त्यांचं कौतुक केलं की मला ते माझंच वाटे. पुढं ते कवठे येमाईला परतले, झेंडूच्या शेतीत रमले आणि मी कपाटात गेलं.

यंदा त्यांची नात सुलक्षणा डॉक्टरकी शिकायला रशियाला निघाली. मला बाहेर काढलं, तेव्हा मी हरखून गेलं. पण माझ्यातला दुधाचा शब्द तिनं अक्षरं बघून ‘मोलोको’ वाचला आणि तिचा मोबाइल म्हणाला, ‘मलाको’. तिनं मला मिटलं. तेव्हापासून तो तिच्या उशाशी आणि मी खिडकीत. तो चार्जिंगला लावला की लाईट जावी असं मला वाटे.

ती त्याचं ऐकून पोपटासारखं पाठ करी. जाण्याआधी रशियनची परीक्षा होती. तोंडी परीक्षेत ‘माझं कुलूप हरवलं’ असं सांगताना ती म्हणाली, ‘माझा किल्ला हरवला’. सगळे हसले. ती नापास झाली, आता जायचंच नाही म्हणाली.

मारुतरावांनी मला उघडलं. “अक्षरावरची ही रेघ बघ. जिथं रेघ, तिथं जोर. जोर असला तरच ‘ओ’चा ‘ओ’ ऱ्हातो, न्हाईतर त्याचा ‘अ’ व्हतो. तुझ्या त्या शब्दात पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘झामक’, म्हंजी किल्ला. दुसऱ्यावर दिला तर ‘झमोक’, म्हंजी कुलूप.”

“आबा, लिहायला दोन्ही सारखंच?” तिनं विचारलं.

“व्हय. म्हणून तर रेघ लागती.”

आठ दिवस ती माझ्या रेघांवर बोट ठेवून वाचत होती. तेवढे आठ दिवस मला कुणाचाच हेवा वाटला नाही. फेरपरीक्षेत ती पास झाली. पण सामानात माझं वजन नको, म्हणून तिनं माझ्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये काढून घेतले. माझ्या रेघा घेऊन तोच विमानात बसला.

परवा तिचा फोन आला. दुकानात दूध मागितलं, कुणी हसलं नाही, असं ती आबांना सांगत होती. तेही मला मोबाइलमधूनच ऐकावं लागलं. जळफळत का होईना, मी शेवटपर्यंत ऐकलं.

मित्रांनो, आमचे फोटो खुशाल काढा. फक्त नंतर आम्हाला ओलसर जागी टाकू नका. आम्हाला बोलता येत नाही. कुणीतरी उघडून वाचावं लागतं.