सहीखालची फुली

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे, असं नवरा म्हणतो. म्हणू दे. त्या खोडीपायीच हे प्रकरण सुटलं.

जुनं घर विकून आम्ही फ्लॅटमध्ये आलो. सामान बांधताना सासऱ्यांना ट्रंकेच्या तळाशी घराच्या विम्याची पॉलिसी सापडली. दहा वर्षांचा हप्ता एकदम भरलेला, त्यातली चार वर्षं अजून बाकी. "मी हे कधी काढलं?" एवढंच बाबा म्हणाले. पण नाव त्यांचंच, पत्ताही आमचाच. घरच विकलं तर विमा कशाला, म्हणून त्यांनी तो रद्द केला आणि उरलेल्या पैशांसाठी अर्ज केला. कंपनीवाले तीन आठवडे लागतील म्हणाले, तीन महिने झाले. अर्ज तीनदा परत आला आणि तिन्ही वेळा एकच शेरा: सही मूळ फॉर्मवरच्या सहीशी जुळत नाही.

आता बाबा म्हणजे वजनकाटे तपासणारे निरीक्षक. तीस वर्षं दुकानं पालथी घातली, काटा खरा की खोटा ते सांगितलं आणि खाली सही ठोकली. त्या माणसाला सांगायचं, तुमची सही तुमची नाही! पहिल्यांदा ते चिडले. दुसऱ्यांदा परत आलेला अर्ज पुन्हा पुन्हा वाचत बसले. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी फिरायला जाणंच सोडलं.

का, ते मला त्यांच्या वहीत कळलं. हो, उघडली. म्हटलं ना, खोड. पानभर सह्या, आणि त्यांच्याखाली नातवंडांची नावं, वाढदिवस, बदलीची गावं. बाबांचे थोरले भाऊ आधी घरचा रस्ता आणि शेवटी शेवटी स्वतःचं नावसुद्धा विसरले होते. आपलंही तसंच होतंय की काय, म्हणून बाबा स्वतःची परीक्षा घेत होते.

तडक विमा कंपनीचं ऑफिस गाठलं.

"जुळायला हवी ती सही आहे तरी कशी? दाखवा की," मी खिडकीतल्या बाईंना म्हटलं.

"तसं दाखवता येत नाही."

"मग काय आंधळी कोशिंबीर खेळायची आम्ही?"

बाई हसल्या आणि त्यांनी स्क्रीन वळवला. सही जवळजवळ बाबांसारखीच होती, खाली त्यांची नेहमीची ठसठशीत रेघही होती. पण रेघेच्या टोकाला बारीकशी फुली. ही फुली मी कुठे बघितली होती? बसमध्ये बसून डोकं खाजवलं, आठवेल तर शपथ.

घरी आले तर सासूबाई ब्लाउज बेतत होत्या. त्यांनी कापडावर खडूने रेघ ओढली आणि टोकाला फुली मारली. कात्री इथे थांबवायची, ही त्यांची खूण.

"आई, विमा तुम्ही काढलात?"

"हळू बोल गं, ते आत आहेत!" मग त्या कुजबुजल्या, "शेजारचं घर जळलं तेव्हा किती विनवलं. तर म्हणे, विमा भित्र्यांनी काढावा. शिवणाचे पैसे होते साठलेले, ते भरले. घर त्यांच्या नावावर, म्हणून सहीही त्यांचीच मारली. कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं."

"आणि तीन महिने नुसत्या बघत बसलात?"

"चिडलेत, निवळतील म्हटलं."

मी वही आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. आई पानं उलटत राहिल्या. नातवंडांच्या नावांपाशी त्यांचा चेहराच उतरला. खडूचे हात तसेच घेऊन त्या आत गेल्या. मी दाराशी कान लावला, खोटं कशाला बोलू?

"अहो, ती सही माझी आहे. विमाही मीच काढला, तुम्हाला न सांगता."

म्हटलं, आता काही खरं नाही.

"म्हणजे," बाबांनी हळूच विचारलं, "मी विसरलो नव्हतो?"

"तुम्हाला माहीतच नव्हतं, तर विसरणार काय?"

जरा वेळाने बाबा डोळे पुसत बाहेर आले आणि चपला शोधायला लागले.

"आणि विम्याच्या पैशांचं काय करायचं?" मी विचारलं.

"खरं काय ते लिहून देऊ. दिले तर दिले, नाहीतर नाही. आणि पैसे हिचे आहेत, मला काय विचारतेस?" बाबांनी दार उघडलं. "फिरून येतो गं. उशीर झाला तर काळजी करू नका, मला घर सापडतं."