वजा बारा

ताईच्या नाकाला ऑक्सिजनची नळी असते. ते यंत्र विजेवर चालतं, आणि दुपारी दोन ते सहा वीज जाणार होती. इन्व्हर्टरला एकापुढे एक जोडलेल्या चार बॅटऱ्यांपैकी एक मेकॅनिकनं सकाळीच बदलली, पण इन्व्हर्टर सुरू होईना.

त्यानं एकेका बॅटरीला मीटर लावला. "बारा व्होल्ट, बारा, बारा." नव्या बॅटरीवर सुई उलटी वळली. त्यानं सवयीनं मीटरच्या तारांची अदलाबदल केली. "ही पण बारा. बारा चोक अठ्ठेचाळीस. बॅटऱ्या ठणठणीत आहेत, काका. इन्व्हर्टरच गेला. नवा परवा मिळेल."

"आणि आज ताईचं काय?" मी म्हणालो.

"दवाखान्यात हलवा."

"मी नाही जायची," ताई आतून म्हणाली. "मागच्या वेळी सव्वा महिन्यानं सुटले."

"चारही मिळून एकदा बघता का?" मी हळूच विचारलं.

मीटरनं चोवीस दाखवले.

"बघा, निम्मं इन्व्हर्टरनं खाल्लं," तो म्हणाला.

मी वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडले. बारा अधिक बारा अधिक बारा, वजा बारा. तीनदा केलं. चोवीसच.

"नव्या बॅटरीचं अधिकाचं टोक उजवीकडे आहे, बाकीच्यांचं डावीकडे. तुम्ही बाजू बघून जोडलीत, खूण बघून नाही. ती उलटी लागलीय. तिचे बारा वजा होतायत."

"काका, पुस्तकं वाचून दिवे लागत नाहीत. वीस वर्षं हेच करतोय मी."

"मग वीस वर्षं असंच करत असाल." माझा आवाज चढला. "सुई उलटी गेली तेव्हा ती हेच सांगत होती. तुम्ही तिचंच तोंड फिरवलंत. माझ्या बहिणीला दवाखान्यात धाडायला तयार झालात, पण एक खूण बघता आली नाही तुम्हाला. फिरवा ती बॅटरी."

पुटपुटत त्यानं फिरवली. अठ्ठेचाळीस. इन्व्हर्टर घरघरू लागला.

"झालं ना? एवढं तापायचं काय कारण?"

मी दार उघडून धरलं. "निघा."

दोनला वीज गेली. यंत्र चालूच राहिलं. माझा राग मात्र उतरेना.

"आता बस की," ताई म्हणाली. "अजून कोणावर ओरडायचंय?"

सकाळी तो बॅटरी जोडत होता तेव्हा मी शेजारीच उभा होतो. अधिकाची खूण मला दिसली होती. इतका अनुभवी माणूस चुकेल कसा, असं वाटून मी गप्प बसलो होतो.