लेस्टरच्या ओल्या भिंतीची कबुली

मी एक जुनी भिंत आहे. इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या एका रांगेत, एका घराच्या मागच्या बाजूला मी उभी आहे. मला दोन तोंडं आहेत. एक बाहेर, पावसाकडे. दुसरं आत, मागच्या खोलीकडे. त्यामुळे मित्रांनो, माझी गोष्ट मला सलग सांगता येत नाही. कधी बाहेरचं तोंड बोलेल, कधी आतलं. सांभाळून घ्या.

बाहेरून.

माझा जन्म सव्वाशे वर्षांपूर्वीचा. लाल विटा, चुना आणि शीळ घालणारा एक गवंडी. शेवटची वीट बसल्यावर त्याने मला थाप मारली आणि म्हणाला, "ही काही पडत नाही." ती माझी पहिली शाबासकी. मी नऊ इंच जाड आहे आणि भरीव आहे. माझ्यानंतर जन्मलेल्या भिंती दुपदरी असतात. त्यांच्या पोकळीत कापसासारखं काहीबाही भरलं की घर उबदार होतं. माझ्या पोटात तशी जागाच नाही. बाहेर जितकी थंडी, जवळजवळ तितकीच मी आत पोचवते. इमानेइतबारे.

आतून.

पूर्वी खोलीत कोळशाची शेगडी होती. तिची ऊब मी साठवत असे. पुढे शेगडी बुजवली, रेडिएटर आला, खिडक्या घट्ट झाल्या. भाताची वाफ, आंघोळीची वाफ, घरात वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ, सगळी कोंडली आणि माझ्यापाशी आली. मी गार. मला टेकली की तिचं पाणी होई. पाण्यावर काळी बुरशी येई. मी मुद्दाम काही करत नव्हते हो.

ही खोली नऊ वर्षांच्या ईशिताची. म्हणजे उन्हाळ्यात तिची. ऑक्टोबर लागला की खोकला सुरू होतो, इनहेलर बाहेर निघतो आणि तिचं अंथरूण पुढच्या खोलीतल्या सोफ्यावर जातं, ते थेट एप्रिलपर्यंत.

"आई, माझा खोली मला फुल इयर कधी मिळणार?" ती विचारायची.

एका सप्टेंबरात कौन्सिलचं, म्हणजे इथल्या महापालिकेचं, पत्र आलं. जुनी, थंड घरं सरकारी अनुदानातून उबदार करून देणार होते. माणूस येऊन घर पाहणार, ओल मोजणार. जिथे ओल आणि आजारपण, त्या घराचा नंबर आधी. ईशिताची आई नीना हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. तिने लगेच फॉर्म भरला. मंगळवारी अकराची वेळ मिळाली. पण त्या दिवशी तिची शिफ्ट होती आणि ईशिताचे बाबा, रघुवीर, कामासाठी मँचेस्टरला गेले होते. घरी होत्या फक्त मधुमतीआजी, नीनाच्या सासूबाई.

"आई, सर्व्हेअर येईल. त्याला मागची खोली नीट दाखवा हं."

"दाखवते की. मला काय कळत नाही?"

नीना कामावर गेली आणि आजींनी पदर खोचला. मंगळवारची अकरापर्यंतची सगळी सकाळ माझ्यावर खर्च झाली. बुरशीवर पांढऱ्या रंगाचे दोन हात. तरी दिसणाऱ्या ओलीपुढे कपाट. कपाटाच्या वर उरलेल्या डागावर रेशमी शाल. शेवटी हीटिंग चोवीस अंशांवर आणि वेलची घालून शिरा.

मित्रांनो, खरं सांगते, मला हे सगळं फार आवडलं. कित्येक वर्षांत कुणी मला नटवलं नव्हतं. मी गप्प राहिले. तीच माझी चूक.

डॅरेन नावाचा सर्व्हेअर आला. दारातच बूट काढले, त्यामुळे आजींच्या मनातून तो उतरणं शक्यच नव्हतं.

"एनी डॅम्प, डक?" त्याने विचारलं. लेस्टरमध्ये प्रेमाने कुणालाही बदक म्हणतात.

"नो, नो! व्हेरी नाइस हाउस. ऑल वॉर्म. यू ईट."

त्याने खाल्लं. मग फॉर्म भरला.

ओल: नाही. (आहे.)
बुरशी: नाही. (आहे, कपाटामागे.)
घरच्यांची तक्रार: नाही. (तक्रार शाळेत गेली होती.)

कंसातलं मी म्हणत होते. पण विटांचं बोलणं कागदावर उमटत नाही.

संध्याकाळी नीना आली आणि खोलीच्या दारातच थांबली.

"आई, हे कपाट इथे कसं?"

"सुटसुटीत वाटतं ना?"

"तुम्ही ओल झाकलीत?"

"मग काय उघडी ठेवू? सरकारी माणूस घरात येतो आणि त्याला बुरशी दाखवू? स्थळ बघायला येतं तेव्हा मुलीचा किडका दात आधी दाखवतात का?"

"अहो आई, तो स्थळ बघायला नव्हता आला. डेंटिस्ट होता तो!"

"शिरा दोनदा घेतला त्याने," आजी म्हणाल्या. आवाज मात्र बारीक झाला होता.

ईशिता मागे उभी होती. "आजी, म्हणजे धिस विंटर पण मी सोफ्यावर?"

आजींनी शाल काढली, घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी घातली.

मला लबाडी फार दिवस जमत नाही. नवव्या दिवशी नव्या रंगाला पापुद्रे सुटले. त्याच सुमारास पत्र आलं: ओल आढळली नाही, तुमचा नंबर शेवटी. नीनाने ते वाचून टेबलावर ठेवलं आणि सोफ्यावर ईशिताचं अंथरूण घातलं.

दुसऱ्या दिवशी, घरात कुणी नसताना, आजी या खोलीत आल्या. माझ्याकडे बघत त्यांनी डॅरेनने ठेवलेल्या कार्डावरचा नंबर लावला.

"मिस्टर डॅरेन? मधुमती स्पीकिंग. स्वीट डिश, टू टाइम्स. येस, दॅट हाउस. सॉरी, आय टोल्ड यू लाय. माय हाउस इज व्हेरी बॅड. प्लीज कम."

फोन ठेवल्यावर त्या पलंगावर टेकल्या, मग उठून कपाट माझ्यापासून दूर ओढू लागल्या. परक्या माणसापुढे स्वतःच्या घराला वाईट म्हणायला त्यांना किती जड गेलं, ते मी पाहिलं आहे. सव्वाशे वर्षं भार उचलणाऱ्या भिंतीला त्यातलं कळतं.

डॅरेन पुन्हा आला तेव्हा शाळेला सुट्टी होती. हीटिंग बंद होतं. आजी दोन स्वेटर घालून तयार होत्या आणि कपाट खोलीच्या मध्यभागी होतं.

"धिस ब्लॅक. दॅट ब्लॅक. अँड सी हिअर, व्हेरी गुड ब्लॅक!"

"अँड धिस इज माय विंटर बेडरूम," ईशिताने सोफा दाखवला आणि नेमकी खोकली.

डॅरेनने ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया माझ्यात टोचल्या. यंत्र किंचाळलं.

"कोल्डेस्ट, वेटेस्ट वॉल आय हॅव सीन धिस मंथ!"

आजी अशा फुलल्या की जणू नात बोर्डात पहिली आली. या वेळी त्याने फॉर्मच्या मागच्या बाजूलाही लिहिलं.

बाहेरून.

मे महिन्यात आमचा नंबर लागला आणि परांची उभी राहिली. माझ्यावर जाड, हलके तक्ते बसवले, त्यावर जाळी, त्यावर गिलावा. खोलीत छताजवळ एक छोटा पंखा आला, वाफ बाहेर टाकायला. भिंत गुंडाळली आणि वाफ कोंडूनच ठेवली तर बुरशी पुन्हा येते. एकेक तक्ता बसत गेला तशी गल्ली अरुंद होत गेली. शेवटी मला शेजारच्या मिलिंदकाकांच्या कुंपणावरचं केशरी मांजर दिसत होतं. मग त्याची शेपटी. मग

बाहेरून.

 

आतून.

हो, आता हे एकच तोंड उरलं. पाऊस आहे की नाही, ते ईशिताच्या कोटावरून ओळखते. थोडं चुकल्यासारखं वाटतं, नाही असं नाही. पण सव्वाशे वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला कोट घातला. तो काढून टाका असं मी कधीच म्हणणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या भिंतीला अधूनमधून तळहात लावून पाहा. ओलसर लागली तर मोठ्यांना सांगा. कपडे घरात वाळत घातले तर खिडकी जराशी उघडा. आणि कुणी मदतीला आलं तर जे दुखतं ते आधी सांगा. दुखण्यात लाज कसली?

आज नोव्हेंबरची बारा तारीख. ईशिता अजून इथेच झोपते. तिने पलंग ओढून अगदी मला चिकटवला आहे. सकाळी नीना उठवायला येते तेव्हा पोरीचा गाल माझ्यावर टेकलेला असतो, आणि तो उबदार असतो.