झटकून धुतलेले कपडे

छातीचा फोटो काढायचा तो ह्यांचा, असंच आमच्या घरात ठरून गेलेलं. कारखान्यात बॉयलरच्या पाइपांवर ॲस्बेस्टॉसचं वेष्टण चढवायचं ह्यांचं काम, म्हणून कंपनी दर वर्षी फोटो काढायची. फुप्फुसं दर वेळी स्वच्छ. मग आठवडाभर हे छाती फुगवून फिरायचे. मला कुणी विचारलंही नाही. घरात बसणाऱ्या बाईच्या छातीला काय धाड भरलीय!

आता भरली. आधी छातीतलं पाणी काढलं, मग सुईने तुकडा काढून तपासला, मग दोन स्कॅन. हे खाली फिल्म आणायला गेले, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी मला पडद्यावर दाखवलं. फुप्फुसाभोवती पातळ अस्तर असतं म्हणे. माझं संत्र्याच्या सालीसारखं जाड होऊन फुप्फुसाला आवळून बसलं होतं. दुसऱ्या स्कॅनमध्ये कॅन्सर झगझगतो म्हणे; माझं ते अस्तर सगळं झगझगत होतं. जितकं जास्त झगझगतं, तितका हाताशी वेळ कमी, हे बाईंनी आडवळणाने सांगितलं. ऑपरेशनचा विषयच नव्हता.

"नोकरी कुठे केलीत?"

"स्वयंपाकघरात."

त्या हसल्या नाहीत. "मिस्टरांचे कामाचे कपडे कोण धुवायचं?"

मला लख्ख कळलं. ते निळे कपडे मी मागच्या दारी आधी झटकायची. ॲस्बेस्टॉसचा पांढरा भुगा उडायचा, नाकातोंडात जायचा. असा संताप आला! कंपनीचा, त्या स्वच्छ फोटोंचा आणि हो, ह्यांचाही. पण मी गेल्यावर ह्या माणसाला त्याच घरात एकट्याने राहायचंय.

"बाई, हात जोडते, हे त्यांना कळू देऊ नका."

बाईंनी मान डोलावली. तेवढ्यात हे आलेच, फिल्मचं पाकीट छातीशी धरून. बसायच्या आधीच माझी शिफारस सुरू केली.

"डॉक्टर, हिला बरं करा हो. फार कष्टाळू आहे. माझे कामाचे कपडे हिने कधी लाँड्रीत दिले नाहीत. रोज झटकून, स्वतःच्या हाताने धुवायची. अगदी मी रिटायर होईपर्यंत!"

बाईंनी नजर खाली वळवली.

"अहो, पुरे आता," मी म्हटलं.

ह्यांनी बाईंकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"अगं," ते म्हणाले, "मास्क तर मला एकट्यालाच दिला होता."